मैदानातले प्रश्न : एका बेसबॉल टीमला एवढे कोच कशाला?

मागच्या अंकात एका उत्तरात सहज लिहून गेलो होतो की अमेरिकेत ज्या हायस्कूलच्या बेसबॉल टीमा वर्षानुवर्षं जिंकतात त्यांच्या मागे एक नाही, पाच-सहा कोच असतात. झालं. त्या एका वाक्यावर खानापूर, निपाणी, अथणी, चिक्कोडी सगळीकडून मेल आणि व्हॉट्सॲप. म्हणून यावेळचं पान अख्खं बेसबॉलला दिलंय, क्रिकेटवाल्यांनी जरा थांबा, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : दादा, मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलात पीटी सर आहे. सॉफ्टबॉलची टीम आहे, यंदा बेसबॉल पण सुरू केलोय. तुम्ही लिहिलात पाच-सहा कोच. आमच्यात कबड्डी मीच, खो-खो मीच, थ्रोबॉल मीच, इलेक्शन ड्युटी पण मीच. एवढी माणसं करतात तरी काय? आणि आमच्यासारख्याला त्यातलं काय घेता येतंय?
— एक पीटी सर, खानापूर

उत्तर : सर, तुमची यादी वाचूनच दमलो. आधी एक सांगतो, पाच-सहा कोच म्हणजे पाच-सहा फुल पगारी माणसं नव्हेत. तिकडच्या सरकारी हायस्कूलात हेड कोच बहुतेक करून त्याच शाळेतला शिक्षक असतो, दिवसा इतिहास नाहीतर गणित शिकवायचं आणि शाळा सुटली की टोपी घालून ग्राउंडवर, आणि त्याबद्दल पगाराशिवाय सीझनचं ठरलेलं मानधन, तेही काही घर चालण्याइतकं नसतं. असिस्टंटांमध्ये एखाद्या-दुसऱ्याला थोडेफार पैसे, बाकीचे व्हॉलंटियर, म्हणजे गावातला कुणी जुना प्लेयर जो दिवसभर आपली नोकरी करून संध्याकाळी येतो.

आणि टीमही एक नसते. तिकडचं हायस्कूल नववी ते बारावी, म्हणजे आपली नववी-दहावी आणि वर पीयूसीची दोन वर्षं. सगळ्यात वर व्हर्सिटी, तिच्याखाली ज्युनियर व्हर्सिटी जिला सगळे जेव्ही म्हणतात, आणि शाळा मोठी असली तर नववीच्या पोरांची फ्रेशमन टीम वेगळी. या खालच्या टीमांना आपापला कोच असतो. वरच्या टीमसोबत हेड कोच, पिचिंग कोच म्हणजे बॉल टाकणाऱ्या पिचरांना बघणारा, हिटिंग कोच म्हणजे बॅटिंग बघणारा, एखादा इनफिल्ड-आउटफिल्ड बघणारा. आपली बॅटिंग असली की हेड कोच बऱ्याचदा स्वतः थर्ड बेसच्या बॉक्समध्ये उभा राहतो कारण रनरला होमकडे पाठवायचं की थांबवायचं हा निर्णय तिथून होतो, फर्स्ट बेसला असिस्टंट. याशिवाय शाळेचा ॲथलेटिक डायरेक्टर असतो जो बस, अंपायर, मॅचचं वेळापत्रक हे सगळं बघतो, आणि बऱ्याच शाळांत ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे जिमवाला नव्हे हां, दुखापत बघणारा शिकलेला माणूस.

आता एवढे कशाला? कारण या खेळात एकजण काहीतरी करतोय आणि बाकीचे उभे आहेत असं फार होतं. तुमच्याकडे वीस पोरं आहेत असं धरू, तुम्ही एकटे बॉल टाकताय, प्रत्येकाला पंधरा बॉल म्हणजे सुमारे चार मिनिटं, सगळ्यांची पाळी व्हायला ऐंशी मिनिटं, आणि एका पोराने त्या ऐंशी मिनिटांत चार मिनिटं बॅट फिरवली आणि उरलेला वेळ कंपाउंडला टेकून गप्पा मारल्या. तेच चार जागा केल्या, एकीकडे बॅटिंग, एकीकडे ग्राउंडर म्हणजे जमिनीवरून येणारे बॉल धरणं, एकीकडे पिचर आणि त्याचा बॉल धरणारा कॅचर, एकीकडे बेस रनिंग, प्रत्येकी पाच पोरं, वीस-वीस मिनिटांनी जागा बदलायची, तर त्याच ऐंशी मिनिटांत कोणी रिकामं नाही. पण चार जागांना चार माणसं लागतात. एवढे कोच ठेवायचं मुख्य कारण हेच, बाकी डावपेच वगैरे नंतर.

माझं मत विचाराल तर सगळ्या स्टाफमध्ये सगळ्यात महत्त्वाचा माणूस हेड कोच नाही, जेव्हीचा कोच. व्हर्सिटीची अर्धी टीम दरवर्षी बारावी पास होऊन निघून जाते, मग एखादी शाळा दहा-दहा वर्षं वर राहते ती कशी? खालच्या टीमला तेच शिकवलेलं असतं जे वरच्या टीमला शिकवतात. बंट आला, म्हणजे समोरच्याने बॅट न फिरवता बॉल हलकेच पुढे ढकलला, की कोण पुढे धावणार, आउटफिल्डमधून थ्रो आला की कट-ऑफला, म्हणजे तो मध्येच धरून पुढे टाकायला, कोण उभं राहणार, ओरडायचं तर कुठला शब्द ओरडायचा, सगळं सेम टू सेम. पोरगं वर आलं की नव्याने शिकवावं लागत नाही. आपल्याकडे काय होतं तुम्हाला माहीतच आहे, दहावीच्या टीमला सरांचा सगळा वेळ आणि आठवीची पोरं बॉल आणून द्यायला. मार्चमध्ये एसएसएलसी झाली की टीमच संपली, जूनला परत पाटी कोरी.

म्हणून घ्यायचंच असेल तर एवढंच घ्या की आठवीच्या पोरांसाठी वेगळा माणूस. तो बेसबॉल खेळलेला पाहिजे असं अजिबात नाही, विज्ञानाचे सर चालतील, कन्नडच्या मॅडम चालतील, तुम्ही आठवड्याला एका कागदावर लिहून द्यायचं की या आठवड्यात हे चार ड्रिल. आणि दुसरं, माजी विद्यार्थी. जपानमध्ये २०२३ साली उन्हाळ्यातली कोशियेनची टूर्नामेंट, म्हणजे तिथली हायस्कूल बेसबॉलची सगळ्यात मोठी स्पर्धा, केइओ हायस्कूलने जिंकली, १९१६ नंतर पहिल्यांदा, १०७ वर्षांनी. त्यांचे कोच मोरिबायाशी ताकाहिको हे पेशाने प्राथमिक शिक्षक, आणि त्यांच्या हाताखाली कॉलेजात शिकणारी पोरं स्टुडंट कोच म्हणून असतात. मोरिबायाशी स्वतः कॉलेजात असताना असेच तिथे स्टुडंट कोच होते. हे आपल्याला नवीन नाही खरं तर, बेळगाव भागातल्या कुठल्याही तालमीत वस्ताद एक आणि लहान पोरांना पट शिकवणारे मोठे पैलवान दहा, तसंच. तुमच्या शाळेतून गेलेली पोरं आता बेळगावला कॉलेजला बसने जाऊन-येऊन करत असतील, त्यातल्या दोघांना शनिवारी बोलवा. काम मात्र नाव घेऊन द्या, 'येत जा रे कधीतरी' म्हटलं की कोणी येत नाही.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, पिचर आहे. शाळेची मॅच असते आणि रविवारी क्लबची पण. दोन महिने झाले कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणतो. क्लबचे कोच म्हणतात दुखलं म्हणजे ताकद येऊलीय, टाकत राहा. मला पटेना. काय करू?
— एक आई, टिळकवाडी

उत्तर : ताई, पटत नाहीये ते बरोबर आहे. बॉल टाकणं आज बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे या आठवड्यातच. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाचं टोक अजून पूर्ण जुळलेलं नसतं, तिथे कुर्चा असते, आणि जोरात टाकताना प्रत्येक वेळी तिथे ओढ बसते. आतल्या बाजूचं दुखणं म्हणजे बहुतेक तिथलंच काहीतरी, वेळेत थांबलं तर विश्रांतीने बरं होण्याची शक्यता चांगली असते. ओढून ताणून खेळवलं तर काय होतं याचं नाव अमेरिकेत शेंबड्या पोराला पण माहितीये, टॉमी जॉन ऑपरेशन, म्हणजे कोपरातल्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा टेंडन बसवायचा, १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा त्या नावाच्या पिचरवर केलं. आधी ते मोठ्या प्रोफेशनल लोकांचं ऑपरेशन होतं, आता तिकडे हायस्कूलच्या पोरांवर पण करावं लागतं.

यावर तिकडे काय केलं ते सांगतो कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. २०१४ मध्ये मेजर लीग बेसबॉल, म्हणजे तिकडची सगळ्यात वरची प्रोफेशनल लीग, आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तुमच्या मुलाच्या वयाला, म्हणजे १५-१६ ला, एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच, म्हणजे पिचरने बॅटरला टाकलेले बॉल. आणि विश्रांतीचा हिशेब असा की ३० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी चालतं, ३१ ते ४५ टाकले तर एक दिवस सुट्टी, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, ७६ च्या वर गेला तर चार दिवस. पिचिंग करून त्याच मॅचमध्ये कॅचर म्हणून बसवायचं नाही. वर्षात निदान चार महिने मॅचमधलं पिचिंग बंद, आणि त्यातले दोन-तीन महिने सलग हात वर करून बॉल टाकणंच पूर्ण बंद. मग २०१७ पासून तिकडच्या हायस्कूल खेळांच्या राष्ट्रीय फेडरेशनने प्रत्येक राज्याला सांगितलं की पिच मोजूनच मर्यादा घाला, त्याआधी इनिंगवर हिशेब चालायचा. राज्याराज्यात आकडा थोडा इकडेतिकडे आहे पण मोजणं सगळीकडे सक्तीचं.

जपानात हे उशिरा आलं. १९९८ च्या कोशियेनमध्ये मात्सुझाका दाइसुके या पोराने १७ इनिंगच्या एका मॅचमध्ये २५० पिच टाकले होते आणि अख्खा देश त्याच्यावर फिदा. २०१८ मध्ये आकिताच्या शेतकी शाळेचा योशिदा कोसेइ एकाच टूर्नामेंटमध्ये ८८१ पिच टाकून गेला तेव्हा कुठे लोक बोलायला लागले, आणि २०२० पासून आठवड्याला ५०० ची मर्यादा आली. माझ्या मते ५०० पण फारच झाले, पण नसल्यापेक्षा बरं.

आता तुमच्या घरातली खरी अडचण. शाळा वेगळं मोजते, क्लब वेगळं मोजतो, किंवा दोघंही मोजत नाहीत, हात मात्र एकच. शनिवारी शाळेसाठी ७० टाकले तर रविवारी क्लबसाठी शून्य, हे दोन कोच एकमेकांना फोन करून ठरवणार नाहीत, ते तुम्हालाच करावं लागेल. वही घाला. मॅचला जाऊन स्वतः मोजा, वॉर्म-अपमधले बॉल या आकड्यात धरत नाहीत म्हणजे हाताने त्याहून जास्तच केलेलं असतं हे लक्षात ठेवा. चांगल्या प्रोग्रॅममध्ये मोजणारा माणूस हेड कोच नसतो, मुद्दाम, कारण सहाव्या इनिंगला एक रनने पुढे असलं की हेड कोचला आकडे नीट दिसत नाहीत, माणूसच आहे तो. आणि ट्रेनरने नाही म्हटलं की तिथे हेड कोचचं चालत नाही. तुमच्याकडे ट्रेनर नाही, तर नाही म्हणणारी तुम्ही. कोच रागावले तर रागावू देत, डॉक्टरची चिठ्ठी दाखवा.

प्रश्न : टीव्हीवर बेसबॉल बघताना तो कोच नाकाला कानाला टोपीला हात लावत असतो. तो काय सांगूलालाय?
— इयत्ता नववी, अथणी

उत्तर : सिग्नल देतोय. बंट कर, बेस चोर म्हणजे बॉल मारला जायची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळ, हा बॉल सोडून दे, किंवा रनर पळणार आहे तू कसंही करून बॅट लाव. गंमत अशी की त्यातले बहुतेक हातवारे खोटे असतात. आधी ठरलेलं असतं की समजा बेल्टला हात लागला की त्यानंतरची पहिली खूण खरी, बाकी सगळी नुसती नौटंकी. आणि शेवटी छातीवरून हात पुसल्यासारखा केला तर आधीचं सगळं कॅन्सल. म्हणून समोरच्या टीमने टक लावून बघितलं तरी उपयोग नाही. तुमच्या टीममध्ये मराठी, कन्नड, उर्दू सगळ्या मीडियमची पोरं असतील तर हे लय कामाचं आहे बघ, ओरडून सांगायची गरजच नाही. कॅचर पिचरला बोटांनी सांगतो, एक बोट म्हणजे साधारण फास्टबॉल. आता अमेरिकेच्या हायस्कूलमध्ये २०२४ पासून फिल्डिंगच्या वेळी डगआउटमधून, म्हणजे टीमच्या बाकाकडून, कॅचरच्या कानात एकतर्फी यंत्राने सांगायची पण परवानगी झालीय. मला आपला नाकाला हात लावणाराच आवडतो.

प्रश्न : मी दहावीत आहे, सॉफ्टबॉल खेळते. गुडघ्याला लागल्यामुळे यंदा खेळायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलेत. सर म्हणाले मग अभ्यास कर, ग्राउंडवर येऊ नको. मला टीम सोडायची नाहीये. कोचिंगमध्ये मुलगी असू शकते काय? मी काय करू शकते?
— एक शॉर्टस्टॉप, निपाणी

उत्तर : असू शकते म्हणजे काय, आहेतच की. अलिसा नॅकेन, तुझ्यासारखीच सॉफ्टबॉल खेळायची, कॉलेजला फर्स्ट बेसला होती, आणि एप्रिल २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून मेजर लीगच्या मॅचमध्ये फर्स्ट बेस कोच म्हणून मैदानावर उतरली, रेग्युलर सीझनमध्ये असं करणारी पहिली बाई. त्याच वर्षी रेचल बाल्कोवेक यांनी यांकीजच्या खालच्या लीगमधल्या टँपाच्या टीमची मॅनेजर म्हणून सूत्रं घेतली, म्हणजे तिथला हेड कोच. जपानच्या शाळांत तर 'मॅनेजर' नावाचं विद्यार्थ्यांचं पदच असतं, बऱ्याचदा मुलीच असतात, स्कोअर लिहायचा, सामान बघायचं, आणि १९९६ पासून कोशियेनच्या बेंचवर स्कोअरर म्हणून मुलींना बसू देतात. पाण्याच्या बाटल्या भरण्यातच त्यांचा वेळ जातो अशीही तक्रार असते, तर तू पहिल्या दिवशीच बाटल्या घेऊ नकोस, वही घे.

स्कोअरबुक शिक आधी. तुला अर्धं माहीतच असेल, पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, सेकंड आणि थर्डच्या मधली तुझी शॉर्टस्टॉपची जागा ६, लेफ्ट ७, सेंटर ८, राइट ९. ६-४-३ लिहिलं की डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोन आउट, कसा झाला ते कोणालाही कळतं. हे आलं की पुढचं. पीटी रूममध्ये स्टॉपवॉच असेलच, नसेल तर मोबाइल. पिचरने टाकायला सुरुवात केल्यापासून बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत किती वेळ, आणि कॅचरच्या ग्लोव्हमधून सेकंड बेसच्या ग्लोव्हपर्यंत किती. बेसबॉलमध्ये हायस्कूल लेव्हलला पहिला १.३ सेकंद आणि दुसरा २ सेकंद आला तर लोक खूश असतात, बेरीज ३.३, आणि समोरचा रनर सेकंडला त्याहून लवकर पोचत असेल तर तो चोरणारच. सॉफ्टबॉलला अंतरं कमी, बेस ६० फुटांवर, त्यामुळे तुझे आकडे वेगळे येतील, तुझ्या टीमचे तू काढ. तिसरी गोष्ट, प्रत्येक बॅटरला टाकलेला पहिला पिच स्ट्राइक होता की 'बॉल', म्हणजे ठरलेल्या चौकटीबाहेर गेलेला आणि बॅटरने सोडलेला, फक्त एवढं टिक करत जा. पाच मॅचनंतर ती वही सरांसमोर ठेव आणि सांग की आपल्या अमुक पिचरचा पहिला बॉल निम्म्या वेळा बाहेर जातोय. मग बघू कसं म्हणतात येऊ नको.

आणि हो, पिच मोजायचं काम पण तूच घे. तिकडे बऱ्याच ठिकाणी इनिंग संपली की दोन्ही टीमचे मोजणारे आकडा जुळवून घेतात, तू पण समोरच्या टीमच्या स्कोअररशी जुळव. अभ्यासाचं सरांना सांग की ग्राउंडवरून आल्यावर करते. आणि कर बाई खरंच, एसएसएलसी आहे.

प्रश्न : ओहतानीचा शाळेतला कोच कोण होता? त्याने काय स्पेशल शिकवलं?
— संकेश्वरहून एक फॅन

उत्तर : ओहतानी म्हणजे मेजर लीगमध्ये पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा जपानी स्टार, त्याचे कोच सासाकी हिरोशी, जपानच्या इवाते प्रांतातलं हानामाकी हिगाशी हायस्कूल. मेजर लीगचा पिचर किकुची युसेइ पण त्यांचाच. पहिल्या वर्षी पोरांकडून ८१ चौकोनांचा एक तक्ता भरून घ्यायचे, मधोमध मोठं ध्येय, भोवती आठ गोष्टी, त्या प्रत्येकीभोवती परत आठ. ओहतानीच्या तक्त्यात ताशी १६० किलोमीटर वेग होता, आणि २०१२ मध्ये शाळेत असतानाच तो त्याने गाठला. पण त्याच तक्त्यात 'नशीब' या चौकोनाभोवती कचरा उचलणे, खोली झाडणे, अंपायरशी नीट वागणे हे पण लिहिलेलं आहे. आणि कोचचं मला जास्त आवडलेलं काम हे की पोराची उंची अजून वाढतेय म्हणून पहिल्या वर्षी त्याला पिचिंगला कमी आणि आउटफिल्डला जास्त ठेवलं. टिळकवाडीच्या ताईंनी हे कोचना वाचून दाखवावं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी बेसबॉल-सॉफ्टबॉलसाठी थोडे पैसे गोळा केलोत. काहीजण म्हणतात पिचिंग मशीन घ्यायचं, काहीजण म्हणतात बाहेरून मोठा कोच आणायचा, टूर्नामेंटच्या आधी एक महिना. एसडीएमसीतले, म्हणजे शाळेच्या समितीतले, अध्यक्ष मशीनच्या बाजूने आहेत. तुमचं काय मत?
— माजी विद्यार्थी मंडळ, चिक्कोडी भाग

उत्तर : अध्यक्षांना नमस्कार सांगा आणि मशीन नको म्हणून सांगा, निदान यावर्षी नको. मशीनला लाइट लागते, चांगलं चालवायचं तर खड्डेवाले वेगळे बॉल लागतात, आणि पोरांना पिचरचा हात बघून टाइमिंग धरायची सवय होत नाही कारण मशीनला हातच नाही. फोटो मात्र चांगला येतो, ते खरंय.

त्याऐवजी एक एल-स्क्रीन. इंग्रजी एल अक्षरासारखी लोखंडी पाइपची चौकट, तिला जाळी, कोच तिच्यामागून जवळून बॉल टाकतो आणि जोरात परत आलेला बॉल तोंडावर येत नाही. बेळगावात उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला चित्र दाखवलं तर करून देईल. बॅटिंग टी, म्हणजे वर बॉल ठेवून मारायचा खांब, दोन-तीन, पाइप आणि वर रबरी नळी, ही पण तिथेच. एक मोठी जाळी जिच्यात पोरं स्वतःच मारत बसतील. आणि बॉल, बॉल, बॉल. चार बॉलवर वीस पोरांची प्रॅक्टिस म्हणजे झुडपात शोधाशोधीची प्रॅक्टिस.

बाहेरचा मोठा कोच एका महिन्यासाठी, यावर माझं मत जरा कडक आहे. तो येतो, सगळ्यांची बॅट धरायची पद्धत बदलतो, टूर्नामेंट होते, तो जातो, आणि पुढचे सहा महिने तुमचे सर परत सगळं सरळ करत बसतात. त्याच पैशात वर्षभर आठवीची टीम बघणाऱ्या स्थानिक पोराला महिन्याचं मानधन द्या. बाहेरचा माणूस आणायचाच असेल तर दोन दिवस आणा आणि त्याला पोरांना नाही, तुमच्या सरांना शिकवू दे.

अजून दोन गोष्टी. तिकडे अशा मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळाला बूस्टर क्लब म्हणतात आणि त्यांची भांडणं पण अशीच, ज्याने पैसे दिले त्याचा पोरगा का खेळवला नाही. म्हणून शहाण्या शाळेत पैसे शाळेकडे जमा होतात आणि कोणाला खेळवायचं हा विषय त्या मंडळाच्या मीटिंगमध्ये निघतच नाही. तुम्ही पण हे आधीच कागदावर लिहून सह्या करून घ्या, आत्ता सगळे मित्र आहात तोवर. आणि मुली. अमेरिकेत १९७२ चा टायटल नाइन कायदा आहे, त्यात असं आहे की देणगीतून मुलांच्या टीमला काही मिळालं तरी मुलींना तशाच सोयी मिळतात की नाही हे शाळेला बघावं लागतं, 'पैसे बाहेरचे होते' ही सबब चालत नाही. तुमच्यावर तो कायदा लागू नाही पण जाळी दोघांना वापरता येते, वेळ वाटून द्या.

प्रश्न : आम्ही उघड्या हातानं लेदरचा बॉल धरलेली माणसं. नातू कॅचर झालाय म्हणतोय आणि हातात एवढं मोठं ग्लोव्ह. त्यात कसला आलाय खेळ? बॉल तरी क्रिकेटपेक्षा जड असतोय काय?
— एक आजोबा, येळ्ळूर

उत्तर : आजोबा, जड नाही, हलका. बेसबॉलचा १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटचा १५६ ते १६३. आणि तुमच्यासारखीच माणसं तिकडे पण होती, दीडशे वर्षांपूर्वी सगळे उघड्या हातानेच खेळायचे आणि पहिल्यांदा ज्यांनी ग्लोव्ह घातलं त्यांना लोक हसले. पण कॅचरचं काम वेगळं आहे. क्रिकेटचा विकेटकीपर फास्ट बॉलरला लांब मागे उभा राहतो, हा मात्र बॅटच्या मागे हातभर अंतरावर बसतो, बॉल टप्पा न पडता सरळ येतो, बॅटची कड लागली की दिशा बदलून अंगावर येतो आणि बॅट पण डोक्याजवळून फिरते. एका मॅचमध्ये असे शंभरेक बॉल तो धरतो.

त्यामुळे ग्लोव्हचं सोडा, नातवाला विचारा की मास्क आणि हेल्मेट आहे का, छातीचं गार्ड, पायाचं गार्ड आणि आतला कप आहे का, आणि प्रॅक्टिसला पण सगळं घालतो का फक्त मॅचला. तिकडच्या हायस्कूलात नुसतं पिचरला वॉर्म-अप द्यायला बसलेल्या पोराला पण मास्क सक्तीचा आहे. नसेल तर उद्या शाळेत जाऊन सरांना भेटा, तुमच्या वयाचा माणूस गेला की काम लवकर होतं.